नैराश्य : ओळख, उपचार आणि अमरावतीच्या ३० गावांचा अनुभव

‘निराश’ हा शब्द आपण दिवसातून अनेकदा वापरतो. कपाशीला भाव मिळाला नाही, शेतकरी निराश झाला. बारावीला अपेक्षेपेक्षा गुण कमी पडले, विद्यार्थी निराश झाला. हव्या त्या तालुक्यात बदली झाली नाही, गुरुजी निराश झाले. या निराशा खऱ्या असतात, पण बहुतेक वेळा काही दिवसांत ओसरतात. माणूस पुन्हा वावरात जातो, पुन्हा पुस्तक उघडतो. वैद्यकशास्त्रात ज्या आजाराला ‘नैराश्य’ म्हणतात त्याची रीत मात्र वेगळी आहे. शब्द जवळजवळ एकच असल्यामुळे दोन्हींची गल्लत होते, आणि तिचा तोटा दोन्ही बाजूंनी होतो. आजारी माणसाला ‘मन खंबीर कर’ एवढाच सल्ला मिळतो, तर साध्या दुःखात असलेल्या माणसावर आजाराचा शिक्का बसतो.

अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम या जिल्ह्यांची नावे गेली तीस वर्षे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांत येत आहेत. कर्ज, पाऊस, सिंचन, हमीभाव यांची चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. मात्र संकट आणि माणसाचे कोसळणे यांच्या मधे कधी कधी एक ओळखता येणारा, उपचार करता येणारा आजार उभा असतो, ही गोष्ट त्या चर्चेत हरवते. प्रत्येक आत्महत्येमागे नैराश्य असतेच असे नाही. नैराश्याचे बहुसंख्य रुग्णही कधी आत्महत्येकडे वळत नाहीत. तरीही जिथे हा आजार आहे, तिथे तो ओळखला गेला तर माणूस वाचू शकतो. म्हणून या लेखात आपण तीन प्रश्न पाहू : हा आजार ओळखायचा कसा, त्यावर उपचार कोणते, आणि ते खेड्यापर्यंत पोचवता येतात का?

दुःख आणि आजार यांतील सीमारेषा

ताप मोजायला तापमापी आहे, रक्तदाबासाठी यंत्र आहे. नैराश्यासाठी रक्ताची किंवा मेंदूच्या चित्राची कोणतीही खात्रीची तपासणी आजही उपलब्ध नाही. निदान होते ते लक्षणांवरून. अशी नऊ लक्षणे मानली जातात :

१. दिवसातील बराच वेळ मन उदास असणे.
२. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस न वाटणे.
३. झोप न लागणे, पहाटे फार लवकर जाग येणे किंवा उलट खूप झोप येणे.
४. भूक किंवा वजन कमी होणे, क्वचित वाढणे.
५. सतत थकवा.
६. हालचाल आणि बोलणे मंदावणे किंवा उगीचच बेचैनी.
७. एकाग्रता न होणे, लहानसहान निर्णयही न घेता येणे.
८. आपण निरुपयोगी आहोत, सगळी चूक आपलीच आहे असे वाटणे.
९. मरणाचे विचार येणे.

यांपैकी किमान पाच लक्षणे (त्यांत पहिले किंवा दुसरे असलेच पाहिजे) सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज दिसत असतील आणि त्यामुळे रोजचे काम अडत असेल, तर डॉक्टर नैराश्याचे निदान करण्याचा विचार करतात. म्हणजे सीमारेषा तीन गोष्टींनी आखली जाते : लक्षणांची संख्या, त्यांचा काळ आणि कामकाजावर झालेला परिणाम. याच नऊ लक्षणांवर आधारलेली नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा अधिक गुण आले तर पुढील तपासणी करावी, असा संकेत आहे. ही चाळणी आहे. तिच्यावरून निदान पक्के होत नाही.

इथे एक अडचण अशी की वऱ्हाडातील रुग्ण डॉक्टरांपुढे बसून ‘मला उदास वाटते’ असे क्वचितच म्हणतो. तो म्हणतो, ‘जीव घाबरते’, ‘हातापायात ताकदच नाही राहिली’, ‘डोकं जड जड लागते’, किंवा नुसतेच ‘मले करमत नाही’. डॉक्टर सलाइन लावतात, ताकदीच्या गोळ्या देतात, रक्त तपासतात. चार दिवस बरे वाटते, पुन्हा तेच. शरीराच्या भाषेत सांगितलेले हे दुःख ढोंग नसते. झोप, भूक, वेदना आणि मनःस्थिती यांचे नियंत्रण मेंदूतील परस्परांत गुंतलेल्या यंत्रणा करतात, त्यामुळे एक बिघडले की दुसरे बिघडते. उलट दिशेनेही सावध राहावे लागते. थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावणे, रक्तक्षय, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही नैराश्यासारखी लक्षणे दिसतात. म्हणून आधी शरीराची तपासणी होणे योग्यच आहे. ती झाल्यावर तिथेच थांबणे मात्र योग्य नाही.

कारणांचा शोध : सर्पगंधेपासून आजपर्यंत

नैराश्याच्या जीवरसायनशास्त्राची कथा एका भारतीय वनस्पतीपासून सुरू होते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेच्या मुळीमुळे उच्च रक्तदाब कमी होतो, हे आपल्या रुग्णांवरील निरीक्षणांतून ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडले. १९५२ मध्ये तिच्यातून ‘रेसरपीन’ हे द्रव्य वेगळे करण्यात आले आणि ते जगभर वापरले जाऊ लागले. लवकरच काही रुग्णांत खोल उदासी दिसू लागली. १९५५ मध्ये प्रयोगांतून आढळले की रेसरपीनमुळे प्राण्यांच्या मेंदूतील सेरोटोनिनचा साठा घटतो. सेरोटोनिन हे एका मज्जापेशीकडून दुसरीकडे संदेश नेणारे रसायन आहे.

त्याच सुमारास अमेरिकेत क्षयरोगावरील एका नव्या औषधाने रुग्ण अनपेक्षितपणे उत्साही झालेले दिसले. हे औषध संदेशवाहक रसायनांचे विघटन रोखत होते. एका औषधाने रसायन घटते आणि मन खचते, दुसऱ्याने रसायन टिकते आणि मन उभारी घेते. दोन निरीक्षणे जोडली की निष्कर्ष सरळ वाटतो : नैराश्य म्हणजे मेंदूतील या रसायनांची कमतरता. १९६० च्या दशकात ही कल्पना रूढ झाली आणि औषधांच्या जाहिरातींतून घरोघरी पोचली.

पण सरळ वाटणारा निष्कर्ष खरा असतोच असे नाही. औषध घेतल्यावर रसायनाची पातळी काही तासांत बदलते, मन मात्र सुधारायला दोन ते चार आठवडे लागतात. कमतरता हेच कारण असेल, तर इतका उशीर का? शिवाय नैराश्याच्या रुग्णांत सेरोटोनिन कमी असतेच, असा सुसंगत पुरावा मिळालेला नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यानेही हेच दाखवले. डोके दुखल्यावर पॅरासिटामॉलने बरे वाटते. त्यावरून डोकेदुखी म्हणजे पॅरासिटामॉलची कमतरता असे आपण म्हणत नाही. औषध उपयोगी पडते ही एक गोष्ट, आजाराचे मूळ ही दुसरी. विज्ञानाच्या तासाला ‘दोन गोष्टी एकत्र दिसणे’ आणि ‘एकीमुळे दुसरी होणे’ यांतला फरक शिकवताना हे उदाहरण जरूर वापरावे.

आज असे मानले जाते की नैराश्य अनेक कारणांच्या गुंफणीतून निर्माण होते. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून माणसामाणसांतील फरकाचा सुमारे ३५ ते ४० टक्के वाटा आनुवंशिकतेचा दिसतो, उरलेला परिस्थितीचा. लहानपणीचे आघात, जवळच्यांचा मृत्यू, घरातील हिंसा, दारू, दीर्घ आजार, कर्ज आणि एकटेपणा हे सर्व धोका वाढवतात. स्त्रियांत नैराश्याचे प्रमाण पुरुषांच्या जवळजवळ दीडपट ते दुप्पट आढळते. कोरडवाहू कपाशीवर जगणाऱ्या, किंवा खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी पिकालाही उपयोगी न पडणाऱ्या कुटुंबावर ताण किती असेल, हे अकोल्या-दर्यापूरकडच्या वाचकांना सांगायला नको. ताण दूर करणे हे धोरणाचे काम आहे. आजार बरा करणे हे वैद्यकाचे. एकासाठी दुसरे थांबवून ठेवण्याचे कारण नाही.

उपचार : तीन वाटा

औषधे. १९५७ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये इमिप्रामिन या पहिल्या नैराश्यविरोधी औषधाचा परिणाम प्रसिद्ध झाला. १९८७ मध्ये फ्लुऑक्सेटीनला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि कमी दुष्परिणाम असलेल्या औषधांचे नवे घराणे सुरू झाले. फ्लुऑक्सेटीन आणि एस्सिटॅलोप्राम ही आपल्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहेत. २०१८ मध्ये ५२२ चाचण्यांचा, म्हणजे १ लाख १६ हजारांहून अधिक रुग्णांचा, एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तपासलेली सर्व २१ औषधे नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली, मात्र सरासरी फरक मध्यम स्वरूपाचा होता. आजार जितका तीव्र, तितका औषधाचा उपयोग ठळक दिसतो.

औषधांबाबत चार गोष्टी माहीत असाव्यात. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी जाणवते आणि गुण मात्र दिसत नाही, म्हणून बरेच रुग्ण नेमके तेव्हाच गोळी सोडतात. बरे वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवावे लागते, नाहीतर आजार उलटण्याची शक्यता वाढते. ही झोपेच्या गोळ्यांसारखी चटक लावणारी औषधे नव्हेत, पण एकाएकी बंद केल्यास त्रास होतो; ती डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू कमी करावीत. आणि २५ वर्षांखालील रुग्णांत सुरुवातीच्या काळात मरणाचे विचार वाढत नाहीत ना, यावर घरच्यांनी व डॉक्टरांनी बारीक लक्ष ठेवावे लागते.

संवादातून उपचार. १९६० च्या दशकात अमेरिकेतील आरन बेक यांनी रुग्णांच्या विचारांची नोंद ठेवायला सुरुवात केली. ‘एक पीक गेले’ यावरून ‘माझ्या हातून काहीच धड होत नाही’ या निष्कर्षावर मन उडी घेते, ती उडी रुग्णासोबत बसून तपासणे हा त्यांच्या पद्धतीचा गाभा. याच वळणाच्या अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीची ओळख कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे मराठी वाचकांना आहे.

दुसरी पद्धत आणखी सोपी आहे. समजा, दर्यापूरकडचा एखादा शेतकरी खचला आहे. तो वावरात जाणे टाळतो. कामे साचतात, म्हणून मन आणखी खचते. देणेकरी भेटेल म्हणून पारावर बसणे सोडतो. कोणी बोलायला उरत नाही, म्हणून एकटेपणा वाढतो. असे हे चक्र फिरत राहते. उत्साह आला की कामाला लागू, असे आपण समजतो. या पद्धतीत क्रम उलटा धरतात. आधी लहान कृती, मग उत्साह. समुपदेशक त्याच्यासोबत आठवड्याचे वेळापत्रक बनवतो : सकाळी ढोरांना पाणी दाखवणे, एक दिवसाआड धुऱ्यापर्यंत चक्कर, गुरुवारी सामुदायिक प्रार्थनेला जाऊन बसणे, रविवारी बहिणीला फोन. प्रत्येक कृतीनंतर मनाला कसे वाटले याची नोंद. पायरी इतकी लहान ठेवायची की आजारी माणसालाही ती चढता यावी. कर्जाचा कागद घेऊन बँकेत जाणे ही पायरी नंतर येते, पण येते. याला ‘कृतिप्रवर्तन’ म्हणता येईल.

विद्युत-उपचार. चित्रपटांनी बदनाम केलेला हा उपचार १९३८ मध्ये इटलीत प्रथम वापरला गेला. आज तो पूर्ण भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध देऊनच केला जातो. तसे न करता तो देण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने बंदी आहे. अन्नपाणी सोडलेल्या किंवा जिवाला तातडीचा धोका असलेल्या रुग्णांत तो प्रभावी ठरतो. काही काळ विस्मरण होणे हा त्याचा मुख्य दुष्परिणाम.

सौम्य नैराश्यात संवादाचा उपचार आणि नियमित व्यायाम एवढ्याने भागू शकते. मध्यम ते तीव्र नैराश्यात औषध आणि संवाद दोन्ही मिळून अधिक गुण येतो. पूर्वी कधी अतिउत्साहाचे, झोपेविना कामाचे, बेफाम खर्चाचे झटके आले असतील, तर तो वेगळा आजार असू शकतो आणि त्याची औषधेही वेगळी. म्हणून ही माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी.

डॉक्टर कमी, मग उपचार कोण करणार?

उपचार आहेत, पण ते मिळतात किती जणांना? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे आढळले. मनोविकारतज्ज्ञ शहरांत, धारणी-चिखलदऱ्याच्या मेळघाटातून अमरावतीला येण्यात अख्खा दिवस जातो आणि त्या दिवसाची मजुरीही.

यावर एक मार्ग गोव्यातील ‘संगत’ या संस्थेने शोधला. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन समुपदेशक बनवले. गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट करण्यात आले. एका गटाला नेहमीची वैद्यकीय सेवा, दुसऱ्याला त्यासोबत कृतिप्रवर्तनाच्या सहा ते आठ बैठका. तीन महिन्यांनी पहिल्या गटातील ३९ टक्के, तर दुसऱ्यातील ६४ टक्के रुग्ण लक्षणांतून बाहेर आले होते. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

याच विचाराने अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम राबवण्यात आला. डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी त्याचे मूल्यमापन केले. गावातीलच आरोग्य कार्यकर्ते छोट्या बैठका घेऊन ताण, नैराश्य, दारू यांविषयी बोलत आणि त्रासात असलेल्यांना धीर देत. त्यापुढची पायरी प्रशिक्षित समुपदेशकाची, आणि गरज असेल त्यांच्यासाठी मनोविकारतज्ज्ञाची. पहिली पाहणी २०१३-१४ च्या हिवाळ्यात झाली, दुसरी १८ महिन्यांनी. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभरांपैकी जेमतेम ४ जणांनी (४.३ टक्के) कोणाकडे मदत मागितली होती, नंतर २७ जणांनी (२७.२ टक्के). नैराश्याचे प्रमाण १४.६ टक्क्यांवरून ११.३ टक्क्यांवर आले, आणि गेल्या वर्षभरात मरणाचे विचार आल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर.

हे आकडे वाचताना एक काळजी घ्यावी. गोव्यात तुलनेसाठी दुसरा गट होता, अमरावतीत नव्हता. तुलनेच्या गटातही ३९ टक्के लोक सुधारले होते, हे आपण वर पाहिले. त्यामुळे अमरावतीत नैराश्य घटले ते फक्त कार्यक्रमामुळे, असे ठामपणे म्हणता येत नाही. त्या वर्षीचा पाऊस, पीक, भाव यांचाही वाटा असू शकतो. मात्र मदत मागणाऱ्यांच्या प्रमाणात झालेली सहापट वाढ आपोआप होईल, हे पटण्यासारखे नाही. ‘वऱ्हाडी माणूस मनाच्या आजाराला डॉक्टरकडे जातच नाही’ हा समज त्यामुळे खोटा ठरतो. आपल्याच गावातली, ओळखीची व्यक्ती दाराशी आली आणि आपल्याच बोलीत बोलली, की तो बोलतो. तरीही शंभरातले ७३ जण बाहेरच राहिले, हेही त्याच आकड्यात दडलेले आहे.

महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये शेतकरी आत्महत्यांचे प्रमाण अधिक असलेल्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, तोही समुपदेशन आणि आशाताईंच्या घरभेटींवर आधारलेला. १० ऑक्टोबर २०२२ पासून देशभर ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६, बोलणे मराठीतही होते आणि त्याला पैसे पडत नाहीत. अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय, म्हणजे आपले ‘इर्विन’, आणि अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सर्वोपचार रुग्णालय येथे मनोविकारांचे उपचार मिळतात.

शाळेत काय करता येईल

किशोरवयात नैराश्य उदासीपेक्षा चिडचिडीच्या रूपात अधिक दिसते. एरवी मिळूनमिसळून असणारा मुलगा शेवटच्या बाकावर गप्प बसू लागतो, गैरहजेरी वाढते, अक्षर बिघडते, वारंवार पोट किंवा डोके दुखते, किरकोळ कारणावरून भांडण होते. एकेक लक्षणाला अर्थ नसतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकलेला बदल महत्त्वाचा. वर्गशिक्षक त्या मुलाला रोज पाहतात, म्हणून हा बदल डॉक्टरांच्या कितीतरी आधी त्यांच्या लक्षात येऊ शकतो.

अशा वेळी मुलाला एकटे बसवून शांतपणे ऐकावे. ‘तुझ्यापेक्षा वाईट परिस्थितीत लोक शिकले’ ही तुलना टाळावी. आधीच स्वतःला दोष देणाऱ्या मुलाला ती आणखी एक शिक्षाच वाटते. मरणाचे विचार येतात का, हे स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती निराधार आहे. उलट कोणीतरी विचारले याने मुलाला सुटल्यासारखे होते. उत्तर ‘हो’ असेल तर त्याला एकटे सोडू नये, गुप्ततेचे वचन देऊ नये, त्याच दिवशी पालकांना बोलावून डॉक्टरांपर्यंत पोचवावे. घरातील फवारणीची औषधे कुलपात ठेवायला पालकांना सांगावे. मरणाची ऊर्मी पुष्कळदा काही तासांची असते आणि तेवढा अडथळा जीव वाचवू शकतो. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आल्यानंतर आत्महत्यांचे प्रमाण दोन दशकांत सुमारे ७० टक्क्यांनी घटले. इतर तक्रारींसाठी किशोरवयीनांची ‘मैत्री क्लिनिक’ सरकारी रुग्णालयांत आहेत.

शिक्षकखोलीतही हे लक्षात असावे. हा आजार गुरुजींना आणि बाईंनाही होतो, आणि गोळी चालू असल्याचे ते बहुधा कोणालाही सांगत नाहीत. अमरावतीच्या तपोवनात १९४० च्या दशकात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी काम सुरू केले, तेव्हा कुष्ठरोग पूर्वजन्मीचे पाप मानला जाई. आज तो गोळ्यांनी बरा होणारा रोग आहे, हे पाचवीचा विद्यार्थीही सांगतो. तो बदल औषधांनी घडवला, तसाच शाळेच्या फळ्यानेही. नैराश्याच्या बाबतीत औषधाचा भाग बऱ्याच अंशी झाला आहे. फळ्याचे काम बाकी आहे.